पाहुण्यांना मुंबई दाखवायचीय? मग आधी यादी अर्धी करा

आमच्याकडे गावाकडून कुणी आलं की पहिल्या चहालाच विषय निघतो, मुंबई कधी दाखवणार. ठाण्यात राहणाऱ्या सगळ्यांकडे हेच होत असेल, ऐरोली-वाशीवाल्यांकडेही. आणि पाहुण्यांची यादी तयारच असते. गेटवे, ताज, म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, जुहू, नटांचे बंगले, सी लिंक आणि आता त्यात अटल सेतूची भर. हातात दिवस किती, तर दोन. कधीकधी दीडच.

मनापासून एक सांगायचंय म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. ही यादी घेऊन घराबाहेर पडू नका. आधी अर्धी करा, मग परत अर्धी करा. दोन दिवसांचे दोन तुकडे पाडा आणि एका दिवशी एकाच भागात राहा, जमेल तेवढं पायी फिरा. असं फिरवलेले पाहुणे जे बोलतात ना, ते गाडीत बसवून फिरवलेले पाहुणे कधीच बोलत नाहीत. हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय.

दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या घरचे सोलापूरहून आले होते. आम्हा दोघांनाही सुट्टी नव्हती म्हणून एका ट्रॅव्हल्सची मुंबई दर्शन बस बुक करून दिली, एका दिवसात अकरा पॉइंट. सकाळी सातला गेलेले रात्री साडेदहाला आले. गेटवेला वीस मिनिटं, त्यातली दहा माणसं मोजण्यात गेली. म्युझियम बसमधून दाखवलं, "ये देखो म्युझियम" आणि पुढे. मरीन ड्राइव्हला तर बस थांबलीच नाही. नणंदेची सासू घरात येऊन सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, ट्रॅफिक लई बघितला बाई. एवढंच. मला त्या रात्री फार वाईट वाटलं, कारण त्या बाई परत कधी येतील न येतील आणि आपण त्यांना मुंबईत आणून सिग्नल दाखवले.

म्हणून या जानेवारीत परतूरहून माझा मावसभाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मावशी येणार म्हटल्यावर मी ठरवलंच होतं. मावशी अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात पण मन खंबीर. शुक्रवारी सगळे आले, दुपारी झोपा झाल्या आणि संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, कुठली एक गोष्ट नाही बघितली तर मुंबईला आल्यासारखं वाटणार नाही? मावशी म्हणाली बोटीत बसायचं. भाऊ म्हणाला व्हीटी स्टेशन, म्हणजे आताचं सीएसएमटी, नीट बघायचंय, आतापर्यंत नुसतं उतरून पळालोय. वहिनी म्हणाली सिद्धिविनायक. मुलं म्हणाली जमिनीखालची मेट्रो. झाला प्लॅन, उरलेल्या सगळ्यावर काट. भावाचा चेहरा पडला थोडा, जुहूवर त्याचा फार जीव होता, पण ठाण्याहून फोर्ट आणि जुहू एका दिवशी करायचं म्हणजे अर्धा दिवस प्रवासातच जातो, हे त्याला नकाशावर दाखवलं तेव्हा पटलं.

आता वार. निम्मा घोळ इथेच होतो. बोटीनं जायचं ते एलिफंटा म्हणजे घारापुरीच्या लेण्यांना, ती सोमवारी बंद असतात. राणीची बाग बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी गर्दी किती असते ते सांगायला नको. आणि रविवारी आपल्या मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, जो बहुतेक वेळा माटुंगा ते मुलुंड याच पट्ट्यात, साधारण अकरा ते चार. पाहुण्यांना हे माहीत असायचं काही कारण नाही, हे आपणच बघायचं. म्हणून शनिवारी बोट ठेवली आणि रविवारी फोर्ट. रविवारी ब्लॉकच्या आधी जायचं आणि ब्लॉक संपल्यावर यायचं, मधल्या वेळात आपण तिकडेच असतो त्यामुळे ब्लॉक लागतच नाही. शिवाय फोर्टमधली ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, फुटपाथवरून लहान मुलांना घेऊन निवांत चालता येतं.

आणि गाडी घरी ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंडच्या नाक्यावर छोट्या गाड्यांना टोल नाही हे खरंय, पण टोल वाचला म्हणून पार्किंग मिळत नाही. लोकलनेच जा. फक्त फास्टच्या मागे लागू नका. ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल पकडा, रिकामी लागते, सगळ्यांना बसायला मिळतं, पंधरा-वीस मिनिटं जास्त गेली तर गेली. कल्याण-कर्जतहून भरून येणाऱ्या फास्टमध्ये पाहुण्यांना चढवणं म्हणजे त्यांची परीक्षा बघणं आहे, मावशीच्या वयाच्या माणसाला तर अजिबात नको. भरपूर फिरायचं असेल तर रेल्वेचं एक, तीन किंवा पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीटही मिळतं, मग दरवेळी रांग नको.

गाडी सुटल्यावर मुलांना सांगितलं की १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली पॅसेंजर ट्रेन याच मार्गावर धावली, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे आणि ओढायला तीन इंजिनं. धाकटा विचारतो, म्हणजे पहिल्यांदा लोक मुंबईहून ठाणे बघायला आले होते? मी म्हटलं हो रे, अगदी तसंच.

शनिवारी नऊच्या आधी गेटवेला पोचलो. सकाळी फोटोवाले कमी असतात, ऊन कोवळं असतं, मागचा ताजही छान दिसतो. गेटवे १९२४ साली बांधून पूर्ण झालं आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली, हे सांगितल्यावर मोठा मुलगा कमानीखाली जाऊन उभाच राहिला. समोर बागेतला महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघितल्याशिवाय भाऊ हलायला तयार नव्हता. मग बोट. साधारण तासभर लागतो. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, मुलं कंटाळा करतात तरी घालायला लावा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरच्या फेरीबोटीला अपघात होऊन माणसं गेली, ते विसरायची गोष्ट नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असेल तर हा बेत सरळ रद्द करा.

घारापुरी मुंबईत येत नाही बरं का, रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते. समोर एवढं झगमगतं शहर, पण बेटावर कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. धक्क्यावरून छोटी गाडी आहे, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. डोलीही मिळते, पण मावशी म्हणाली मी काय नवरी हाये का, आणि दर वीस पायऱ्यांवर बसत बसत स्वतः चढली. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. हातात खाऊची पिशवी धरू नका, माकडं ओढतात.

आत गेल्यावर जे झालं त्यासाठीच खरं तर मी ही पोस्ट लिहायला घेतली. मला वाटलं होतं मावशी सदाशिवाची मूर्ती बघेल, १८-२० फूट उंच आहे ती, हात जोडेल आणि बसून राहील. तिनं हात जोडलेच, पण मग ती अंधारात इकडेतिकडे बघत म्हणाली, "हे तर आपल्या वेरूळवानी हाये की." जालन्याकडच्या माणसाला वेरूळ काय दूर, लग्नानंतर, श्रावणात, शाळेच्या सहलीला, कितीदा जाणं होतं. आणि तिचं बरोबरच होतं. वेरूळचं २९ नंबरचं लेणं, धुमार लेणं, त्याची मांडणी घारापुरीसारखीच आहे आणि रावण कैलास हलवतोय तो देखावा दोन्हीकडे आहे. मग ती एकेका शिल्पापुढे स्वतःहून जायला लागली. शंकर-पार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी बराच वेळ उभी राहिली. हात तुटलेत, चेहरे झिजलेत, पार्वतीची मान जरा खाली झुकलेली. मावशीनं वहिनीला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बघ, उजवीकडं उभी हाये. म्हंजे लग्न लागायचंय अजून." मी तिथे निदान चारदा गेलेय आणि पार्वती कुठल्या बाजूला उभी आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरानं दगडात जे सांगून ठेवलंय ते परतूरच्या बाईला एका नजरेत कळलं, कारण तिनं आयुष्यभर लग्नं लावलीत, पाटावर कुणाला कुठे बसवायचं हे तिला पाठ आहे. अकरा पॉइंटच्या बसमध्ये हे झालं असतं का सांगा. आम्ही तिथे पावणेदोन तास होतो.

परत आल्यावर सीएसएमटीसमोरच्या गल्लीत पंचमकडे पुरीभाजी खाल्ली आणि चारच्या आत घरची लोकल पकडली. भाऊ म्हणाला एवढ्या लवकर कशाला, अजून उजेड आहे. पण संध्याकाळच्या गर्दीत मावशीला घालायचं नव्हतं आणि दुसरा दिवस उभा होता. पाहुण्यांना दमवून झोपवू नका हो, त्यांना रात्री गप्पा मारायला ताकद उरू द्या.

रविवारी साडेआठला व्हीटीबाहेर. भावाचा दिवस. स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टनं १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधलेलं हे स्टेशन २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. पण मुलांना ही माहिती नको असते, त्यांना शोधायला द्या. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण. भिंतीवर मोर कुठे आहे, माकड कुठे आहे, असं करत अर्धा तास कधी गेला कळलं नाही. तिथून चालत हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं मेली, ही गोष्ट त्या जागेवर उभं राहून सांगा, पुस्तकातल्यापेक्षा वेगळी ऐकली जाते. मग ओव्हल मैदान, एका बाजूला १८७८ चा राजाबाई टॉवर आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोच्या बिल्डिंगी, मधे पोरं क्रिकेट खेळतायत. बसा दहा मिनिटं. मग काळा घोडा आणि ऊन वाढलं की म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सव्वादहाला उघडतं. दुपार तिथे काढायची, गारवा असतो, बसायला बाकं असतात.

आणि स्वच्छतागृह. यावर कुणी बोलत नाही पण बायका बरोबर असतील तर अर्धा प्लॅन यावरच ठरतो. मावशीसारख्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, का ते आपल्याला माहितीय. आधीच सांगून ठेवा की स्टेशनवर सोय आहे, म्युझियममध्ये चांगली आहे, मग त्या पाणी पितात आणि दुपारी डोकं दुखत नाही. ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी सीएसएमटीहून एनसीपीएकडे जाणारी ११५ नंबरची डबलडेकर बघा.

साडेचारला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो, मग टॅक्सीनं गिरगाव चौपाटी. इथे लोकमान्य टिळकांवर १९२० साली अंत्यसंस्कार झाले, तिथे त्यांचा पुतळा आहे, भेळ खायच्या आधी तिकडे जाऊन आलो. सूर्य बुडाला आणि गिरगाव स्टेशनवरून भुयारी मेट्रो, ऑक्टोबर २०२५ पासून ही पार कफ परेडपर्यंत सुरू झालीय. मुलांचं काम झालं आणि त्याच लाइनवर सिद्धिविनायक स्टेशन लागतं त्यामुळे वहिनीचंही झालं. वाकडी वाट करून देवदर्शन करायचं नव्हतं, घरच्या वाटेवर देव आला. दर्शनाला पाऊण तास लागला, मग दादर आणि दादरहून ठाणे.

हँगिंग गार्डन राहिलं, राणीची बाग राहिली. मुलांना सांगून ठेवलंय की ज्या दगडी हत्तीवरून घारापुरीला एलिफंटा नाव पडलं तो हत्ती राणीच्या बागेत आहे, आणि काळा घोडा चौकातला मूळचा घोडा, त्यावर इंग्रज राजा बसलेला, तोही १९६५ पासून तिथेच आहे. चौकात आता आहे तो २०१७ चा, त्याच्यावर स्वार नाही. धाकट्यानं तेव्हाच ठरवून टाकलं की मे महिन्यात यायचं. मावशीला मात्र बाणगंगा बघायचीय, शिलाहारांच्या काळातलं तळं आहे आणि त्यांची राजधानी आपलं ठाणं होतं असं मी तिला बोलता बोलता सांगून बसले. मेमधल्या प्लॅनमध्ये तेवढंच ठेवणार आहे, एक दिवस वाळकेश्वर, एक दिवस राणीची बाग, बुधवार सोडून.