बगदादी ज्यूंची अरबी 'बिघडलेली' नव्हती

एक मजकूर बराच फिरतोय: बगदादचे ज्यू हिब्रू-अरबीची बिघडलेली खिचडी बोलायचे आणि इस्रायलला पोचताच त्यांनी ती खुशीने टाकून दिली.

'बिघडलेली' हा शब्द आधी घेऊ. 'मी म्हणालो' याला बगदादचे मुस्लिम 'गिलित' म्हणतात, ज्यू 'केल्तू' म्हणत, तोही क अगदी घशातून काढून. आता जुनं कोणतं? तो घशातला क अभिजात अरबीतलाच आहे. 1258 मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं. पुढच्या शतकांत बेदुइन (वाळवंटातल्या भटक्या अरब टोळ्या) वळणाची अरबी बोलणारे लोक शहरात येऊन वसले आणि मुस्लिमांची बोली त्यांच्या वळणावर गेली. ज्यू आणि ख्रिस्ती घरांत जुनी शहरी बोली टिकली. हाइम ब्लांक या भाषाशास्त्रज्ञाने 1964 मध्ये हे सविस्तर मांडलं. आणि उत्तर इराकमधल्या मोसुल शहरात तर मुस्लिमही 'केल्तू'वालेच! म्हणजे प्रश्न धर्माचा नाही, शहरात कोण कधी आलं याचा आहे. ज्यूंची बोली गोठून राहिली होती असंही नाही. तिच्यात र घोगरा होऊन 'रास'चं (डोकं) 'घास' झालं होतं. आपल्या घासाशी त्याचा काही संबंध नाही.

खिचडीचं म्हणाल तर हिब्रू शब्द मुख्यतः धर्मकर्मातले. व्याकरण अरबी, लिपी तेवढी हिब्रू. 1855 मध्ये 'दोरेश तोव लेअम्मो' हे ज्यू-अरबी नियतकालिक असंच हिब्रू लिपीत निघालं, तेही आपल्या मुंबईत, ससून या बगदादी ज्यू व्यापारी कुटुंबाच्या आगेमागे आलेल्या बगदादी मंडळींसाठी. (कोकणातले बेने इस्राएल ज्यू वेगळे, त्यांच्या घरात मराठी.)

राहिलं 'खुशीने'. जून 1941 च्या 'फरहूद' दंगलीत बगदादमध्ये शेकड्याहून जास्त ज्यू मारले गेले. मार्च 1950 च्या इराकी कायद्याने देश सोडायचा तर नागरिकत्वावर पाणी सोडायचं ठरलं आणि वर्षभरात जाणाऱ्यांची मालमत्ताही गोठवली गेली. 1950-51 मध्ये सुमारे 1 लाख 20 हजार ज्यू विमानांनी इस्रायलला गेले. तिथे आधी छावण्यांतले तंबू, शाळेत हिब्रू, आणि अरबी म्हणजे शत्रूची भाषा. काहींनी हिब्रू आनंदाने जवळ केली, हे खरंच. पण चारचौघांत अरबी बोलायला पोरांना लाज वाटू लागली, तिला खुशी कसं म्हणायचं?

शिवाय बगदादमध्येही ही बोली घरातलीच होती. बाजारात मुस्लिम गिऱ्हाइकाशी बोलताना ज्यू दुकानदार त्याच्या वळणाने बोलायचा. त्यामुळे घरातली मुलं हिब्रूत उत्तरं देऊ लागली, तेव्हा तिला जायला दुसरी जागाच उरली नाही.