हायवे 26 वरची एल्क आणि येवल्याचं काळवीट

"तिकडे तुम्ही पडीचं, मेलेल्या जनावराचं खाता म्हणे!"

आमच्या दहावीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात हे वाक्य आलं आणि त्याखाली नाक मुरडलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. निमित्त मीच दिलं होतं. येवल्याहून नाशिकला येताना एका मित्राला रस्त्याच्या कडेला काळवीट पडलेलं दिसलं. गाडीनं उडवलेलं, एक शिंग मुळातून मोडलेलं. त्यानं फोटो टाकला. सगळे हळहळले. मी लिहिलं की इथे अमेरिकेत, ओरेगनमध्ये हरीण गाडीखाली गेलं तर माणसं परवाना काढून ते घरी नेतात. माझ्या शेजाऱ्यानं डिसेंबरात एक एल्क अशीच आणली आणि त्यातलं चार किलो मांस आमच्याकडेही आलं. झालं! काळवीट राहिलं बाजूला, सगळे माझ्या मागे लागले. "एवढ्या लांब जाऊन हेच शिकलीस?" हे लिहिणारा दर रविवारी द्वारका चौकातून मटण आणतो. ते बोकड कधी कापलं, कुठे कापलं, दोन दिवस कुठल्या बर्फात होतं, असं त्यानं आजवर एकदाही विचारलेलं नसेल.

मी चिडले. अजून चिडलेलीच आहे.

डिसेंबरातल्या त्या रात्री काय झालं ते सांगते. शेजारी सुतारकाम करतो, बँक्स नावाच्या गावाच्या पुढे त्याचं काम चालू होतं. परतताना हायवे 26 वर पुढच्या पिकअपनं एल्कला धडक दिली. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा थोराड, ही मादी 200 किलोच्या पुढची असावी. पिकअपवाल्याला ती नको होती. शेजाऱ्यानं भावाला बोलावलं, दोघांनी विंचनं ट्रेलरवर चढवली. गॅरेजमध्ये ताडपत्री अंथरली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. त्याची बायको रात्रपाळीला होती, म्हणून उजेड धरायला मी गेले.

आधी त्यानं मांडीत हात घालून ऊब पाहिली. मग पोट उघडलं आणि वाकून नुसता वास घेतला. आतडं फुटलं असेल तर तो वास लपत नाही, आणि मग बरंचसं मांस टाकून द्यावं लागतं. फुटलं नव्हतं. धडक डाव्या फऱ्याला बसली होती. तिथलं कातडं उचललं तर खाली काळंजांभळं, थलथलीत, रक्ताची जेली झालेली. तो सगळा भाग त्यानं कापून बादलीत टाकला, एक तुकडाही वाचवायला गेला नाही. मागचे दोन्ही पाय, पाठीच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या, मान मात्र स्वच्छ. गॅरेजचं दार उघडं होतं, बाहेर दोन अंश. मांसातून वाफ निघत होती.

हे सगळं कायद्यात बसतं. ओरेगनमध्ये 1 जानेवारी 2019 पासून हरीण आणि एल्क या दोनच जनावरांसाठी ही मुभा आहे. उचलल्यापासून 24 तासांत परवान्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा, पैसे नाहीत. डोकं पाच कामकाजाच्या दिवसांत वन्यजीव खात्याच्या कचेरीत जमा करायचं, शिंगं असतील तर तीही. हरणांचा मेंदू पोखरणारा एक रोग अमेरिकेत पसरतोय, त्याची तपासणी अशा डोक्यांवरून होते. शिंगं ठेवता येत नाहीत, म्हणून शिंगांच्या मोहानं कोणी मुद्दाम गाडी घालत नाही. मांस विकायचं नाही. आणि रस्त्यावर आतडंसुद्धा सोडायचं नाही, कारण ते खायला कोल्हे-गरुड येतात आणि पुढच्या गाडीखाली जातात. अलास्कात तर मूस, म्हणजे एल्कहूनही मोठं हरीण, गाडीखाली पडला की ट्रूपर, म्हणजे तिथले राज्य पोलीस, यादीतल्या कुटुंबाला किंवा संस्थेला फोन करतात, अमुक मैलावर आहे, घेऊन जा. हिवाळाभराची बेगमी होते. ज्यांना हे "मढं खाणं" वाटतं त्यांनी सांगावं, रस्त्यावर सडू देण्यात नक्की कोणती शुचिता आहे?

ग्रुपवर एकानं कायदा काढला. बरोबर काढला. आपला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा म्हणतो की मेलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता आहे, 48 तासांत कळवायचं. मग पंचनामा, शवविच्छेदन आणि बहुतेक वेळा दहन. बिबट्याच्या बाबतीत मला हे शंभर टक्के पटतं. सिन्नर-निफाडच्या ऊसपट्ट्यात बिबटे किती आहेत आणि रात्री रस्ता ओलांडताना कसे मरतात हे मला कोणी सांगायला नको, माझं माहेर त्याच उसात आहे. बिबट्याची नखं, मिशा, कातडं बाजारात जाऊ नये म्हणून जाळायलाच हवं. उद्या परवाने दिले तर "गाडीखाली आलं" म्हणून किती काळविटं फासक्यातून येतील हेही मला कळतं. मी काळवीट खा म्हणत नाहीये. कधीच म्हटलं नव्हतं.

मी म्हणतेय ते एवढंच की मेलेलं जनावर फुकट घालवू नका. ब्रिटनमध्ये लोक रस्त्यावर मेलेली पाणमांजरं कार्डिफ विद्यापीठाला कळवतात, तिथे 1990 च्या दशकापासून त्यांचं शवविच्छेदन होतंय. कुठल्या नदीत कसलं विष आहे ते त्या पाणमांजरांच्या यकृतातून समजतं. आपल्याकडे ममदापूरची काळविटं उन्हाळ्यात पाण्यासाठी कुठे रस्ता ओलांडतात, हे प्रत्येक मृत्यूची जागा नीट नोंदली तरी नकाशावर दिसेल. समृद्धी महामार्गाच्या 701 किलोमीटरमध्ये प्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल बांधले ना? तसा एक मार्ग तालुक्याच्या रस्त्यावर कुठे हवा हे कसं ठरवणार? जाळून राख केलेल्या पंचनाम्यावरून?

आणि गिधाडं. हे लिहिताना मला खरंच तळमळ होते. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्यानं आदिवासी गावकऱ्यांच्या साथीनं गिधाडांचं उपाहारगृह चालवलं, मेलेली गुरं तिथे टाकायची आणि गिधाडांनी खायची. अंजनेरीच्या कड्यांवरची लांब चोचीची गिधाडं नाशिककरांनी पाहिलेली आहेत. गिधाडं संपली ती डायक्लोफिनॅकनं. दुखण्यावरचं हे इंजेक्शन टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं शंभरातली एकही उरली नव्हती. आता विचार करा. आजारानं मेलेल्या गाईला मरण्याआधी कोणी ना कोणी सुई टोचलेलीच असते. त्र्यंबक रस्त्यावर ट्रकखाली जागच्या जागी गेलेलं वासरू मात्र सकाळपर्यंत चरत होतं. मालकाला विचारायचं, गुरांच्या डॉक्टरांकडून खात्री करायची आणि उचलून न्यायचं. गिधाडाला याच्याइतकं निर्धोक अन्न दुसरं कुठलं? त्याऐवजी ते वासरू जेसीबीनं खड्ड्यात जातं, नाहीतर नाल्यात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक. कोणी वाचलं नाही.

एकानं वाचलं. तो येवल्याकडचा, शाळेत माझ्या दोन बाक मागे बसायचा, आता मास्तर आहे. ग्रुपवर तो गप्प होता. रात्री त्याचा वेगळा मेसेज आला. "गिधाडांचं पटलं. पण तुझ्या शेजाऱ्यानं जनावर ओढलं ते त्याला हवं होतं म्हणून. माझ्या पणजोबांना ओढावंच लागायचं. 1927 ला बाबासाहेबांनी महाडला सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. आमच्या घरात ते त्यानंतर सुटलं. 'पडीचं' हा शब्द तुमच्यासाठी गंमत आहे गं."

मी फोन उलटा ठेवला.

ज्या येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तिथून माझं माहेर तासाभराच्या अंतरावर आहे. काळाराम मंदिरासमोरून मी कॉलेजला जायचे. आणि नाक मुरडणाऱ्यांना उत्तर देताना मी अलास्का काढलं, कार्डिफ काढलं, त्या शब्दाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ज्यांना शिसारी आली ते आणि त्यांना अडाणी म्हणणारी मी, आम्ही सगळे एकाच आळीतले.

1991 च्या पावसाळ्यात आमचा सर्जा गोठ्यात मेला. मी नऊ वर्षांची. आबांनी वस्तीवर निरोप धाडला. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत धाडला, परत कोणी आलं नाही. सर्जा फुगला, पोट ताठ झालं, डोळ्यांवर माश्या. ओसरीवर आबा आणि तात्या म्हणत होते, माजलेत आता, सरकारनं डोक्यावर बसवलंय. तो शब्द मला आठवतो कारण दुसऱ्या दिवशी शाळेत मीही तो वापरला. कोणासमोर, ते आठवत नाही. आठवत नाही हेच मला आता टोचतं. शेवटी दादांनी ट्रॅक्टरला साखळदंड बांधला आणि सर्जाला ओढत नदीकाठी नेलं. मी बांधावर उभी होते. अर्ध्या तासात गिधाडं उतरायला लागली, आधी दोन, मग मोजता येईनात. मानेची पिसं नसलेली ती मोठी पाखरं पंख अर्धे उघडे ठेवून एकमेकांवर धावून जायची. दुपारपर्यंत बरगड्यांचा सांगाडा उरला. एवढी गिधाडं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत, कोणीच पाहिली नाहीत.

दादा परत आले तेव्हा आजीनं त्यांना अंगणातच थांबवलं. अंगावर पाणी ओतलं, कपडे तिथेच टाकायला लावले. ट्रॅक्टरवर गोमूत्र शिंपडलं. मी नुसती बघायला गेले होते, तरी मलाही डोक्यावरून अंघोळ.

डिसेंबरातल्या त्या रात्री एल्कचा मागचा पाय धरून ठेव असं शेजारी म्हणाला, म्हणून मी धरला. हातमोजे होते. घरी आले तेव्हा पावणेबारा वाजले होते. मी सरळ बाथरूममध्ये गेले आणि डोक्यावरून अंघोळ केली, सकाळी लवकर मीटिंग असताना. कपडे आमच्या गॅरेजमध्येच काढून ठेवले होते. तेव्हा यात काही वेगळं वाटलं नाही. मास्तरचा मेसेज वाचल्यावर ते पाणी आठवलं. सतरा वर्षं मी या देशात आहे, पासपोर्ट बदललाय, आणि सांडपाण्याच्या त्या जाळीवर उभी होती ती आजीची नात.

मास्तरला मी चार दिवसांनी उत्तर लिहिलं. सर्जाचं सगळं लिहिलं, शाळेतला तो शब्दही. त्यानं त्यावर काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, "काळविटाची चौकशी केली. वनरक्षक त्याच संध्याकाळी घेऊन गेले. जाळलं. जागेची नोंद आहे का ते विचारून ठेवलंय, उन्हाळ्यात पोरांना घेऊन त्या रस्त्याची मोजणी करता येईल. नमुना कसा करायचा ते पाठव." मी पाठवलाय. तारीख, वेळ, किलोमीटरचा दगड, जनावर, नर की मादी, पाणवठा किती लांब.

एल्कची शेवटची पिशवी काल काढली. वरती मार्करनं शेजाऱ्याच्या अक्षरात तारीख होती. आईनं पाठवलेला काळा मसाला होता, कांदा-खोबरं भाजून घातलं. कुकरच्या तीन शिट्ट्या पुरल्या नाहीत, सहा लागल्या. तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला.

"काय शिजतंय गं?"

"मटण."

"बोकडाचं ना?"

मी हो म्हणाले.