भिगवणला आत्याबाई

जानेवारीत आमच्या घराला कुलूप लागत नाही. यंदा संक्रांतीच्या तोंडावर धाकटे दीर-जाऊ मुलांसकट न्यू जर्सीहून उतरले. पुतण्याचं लग्न ठरलेलं, म्हणून केळवणं. भाचीच्या मुलाचं बोरनहाण आमच्याच हॉलमध्ये, कारण 'तुमचा हॉल मोठा'. आणि या सगळ्यावर पसरलेलं, थेट रथसप्तमीपर्यंत पुरणारं हळदीकुंकू. दीर अमेरिकेच्या घड्याळाने रात्री तीनला उठून 'वहिनी, काही खायला आहे का' विचारायचे आणि दुपारी केळवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या घोरायचे.

मुक्कामाला आत्याबाईही होत्या. म्हणजे माझ्या आत्येसासूबाई. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं नुकतीच झालेली, त्यामुळे नजर घरात सगळ्यांत नवी. हळदीकुंकवाहून मला एक चहाची गाळणी वाण म्हणून मिळाली. आत्याबाईंनी ती उजेडात धरली. "ही आपलीच. गेल्या वर्षी तू लुटलेली. दांड्यापाशी वितळल्याचा डाग आहे बघ."

अशा महिन्यानंतर माणसाला माणसं नकोशी होतात. मला पक्ष्यांचा नाद आहे. एका रविवारी नवऱ्याला घेऊन गुपचूप भिगवणला जायचं, होडीत बसायचं आणि कोणालाही 'अजून एक घ्या ना' म्हणायचं नाही, एवढाच माझा बेत होता. नवऱ्याने तो केळवणाच्या पंगतीत, मठ्ठा वाढता वाढता फोडला. "अय्या, फ्लेमिंगो!" जाऊ म्हणाली. संध्याकाळपर्यंत मिनीबस ठरली.

पुण्याहून भिगवण शंभरेक किलोमीटर. पक्षी बघायचे तर उजाडता उजाडता पाण्यावर हवं, म्हणून पहाटे चारला निघायचं ठरलं. चार वाजता फक्त दीर तयार होते. बाकीच्यांचं पाणी तापायचं होतं, गुळपोळ्या डब्यात भरायच्या होत्या, कोणाचा तरी एक मोजा सापडत नव्हता. भडक कपडे नकोत, असं मी बजावलं होतं. जाऊ गुलाबी पंजाबी ड्रेसमध्ये आली. "फ्लेमिंगोला मॅचिंग," ती म्हणाली. सोलापूर रस्त्यावर मिसळीसाठी थांबून कुंभारगावला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि खरे पक्षीवाले कॅमेरे गुंडाळून परत निघाले होते.

होडीवाले दादा मूळचे मासेमारी करणारे. उजनी धरणाच्या पाण्याची त्यांना घरातल्यासारखी माहिती. त्यांनी पहिल्याच वाक्यात जाऊच्या ड्रेसवर पाणी फिरवलं. "फ्लेमिंगो आत्ता न्हाईत ताई. औंदा पाऊस चांगला झाला, धरण अजून भरलेलं हाये." फ्लेमिंगो मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खातो. त्याला पाय टेकायला उथळ पाणी लागतं. धरण भरलेलं असलं की शेतकरी खूश आणि फ्लेमिंगो बेपत्ता. मार्चात पाणी उतरलं की रांगा लागतात म्हणे. तोवर यशवंतसागरावर, म्हणजे उजनीच्या जलाशयावर, गुलाबी अशी एक जाऊच.

मी दुर्बिणीची पिशवी उघडली. आत बोरनहाणातले चुरमुरे आणि हलव्याच्या बाजूबंदाचा अर्धा तुकडा. हलवा भिंगाला चिकटून तिथे साखरेचा पांढरा ठिपका झाला होता. तो पदराने पुसेपर्यंत आत्याबाईंनी दुर्बीण हातातून काढूनच घेतली.

पोरांनी तेवढ्यात चिवड्याचं पाकीट फोडलं आणि कुरवांचा थवा होडीवर घिरट्या घालायला लागला. पक्षी बघायला येऊन त्यांना फरसाण चारणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. इथे तर ते माझेच नातेवाईक, त्यामुळे मोठ्यानेही बोलण्याजोगं नाही. पाकीट मी जप्त केलं. मग ते नवऱ्याने खाल्लं.

पुढे काठावर पट्टकदंब चरत होते. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून पट्टकदंब. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात, असं मी सांगितलं. दीर पहिल्यांदाच पूर्ण जागे झाले. "यांना जेट लॅग होत नाही?"

"ते चार-चार बॅगा घेऊन निघत नाहीत," आत्याबाई दुर्बिणीतूनच म्हणाल्या.

पाण्यात रोवलेल्या एका बांबूवर कोणीतरी मोठं बसलं होतं. "घार," नवरा म्हणाला. मीही घारच म्हणणार होते, ऊन डोळ्यांवर होतं.

"घार कसली? घारीची शेपटी खाचेची असते, आपल्या गॅलरीसमोर रोज बसते ती. हिचं पोट पांढरं आहे, आणि डोळ्यावरून काळी पट्टी गेलीय. पायाखाली मासा दाबलाय बघ, शेपटी हलतेय त्याची अजून."

होडीवाल्या दादांनी इंजिन बंद केलं आणि मागे वळून आत्याबाईंकडे बघितलं. "आज्जी, ऑस्प्रे हाये त्यो. शहरातल्या मान्सांना लवकर वळखू येत न्हाई."

आयुष्यभर लग्नाच्या मांडवात पाठमोऱ्या बायका नुसत्या चालीवरून ओळखलेल्या बाईला एक पक्षी काय जड? नंतर त्या थांबेचनात. चमचा हा पक्षी पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो, हे मी पुस्तकात वाचून शिकले. आत्याबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हा ताक घुसळतोय." जांभळा बगळा आणि राखी बगळा त्यांनी नावं माहीत नसताना वेगळे काढले. माझ्या वाट्याला दुर्बीण आली ती होडी काठाला लागल्यावर.

जेवायला भिगवणची मासळीची थाळी. आत्याबाई शाकाहारी. पिठलं-भाकरी खाता खाता त्यांनी समोरच्या चिलापीच्या काट्यांची नीट पाहणी केली, होडीवाल्या दादांना तिळगूळ दिला, त्यांचा नंबर घेतला आणि फोन लावला.

"कुसुम? मी बोलतेय. मार्चमध्ये सगळी भिशी भिगवणला न्यायचीय. हो, पाणी उतरल्यावर. नाही गं, उपवासाचं वेगळं मिळेल की. गाडीचं, नाश्त्याचं सगळं आमची सून बघेल, तिला नाद आहे याचा. आणि हे बघ, दुर्बीण आहे तिच्याकडे, तू आणू नकोस."