खुलासा: वाशाला जोड नको, उंची द्या
वाढीव खोलीच्या सपाट लाकडी छपराबद्दल एक सल्ला फिरतोय: ‘वासे झुकतात? प्रत्येकाला दुसरा वासा जोडा, झालं काम.’ अगदीच चूक नाही, पण हिशेब महागातला. जोडवाशानं ताठपणा दुप्पट होतो, लाकूडही दुप्पट लागतं. तोच वासा 150 ऐवजी 200 मिमी उंचीचा घेतला, तर लाकूड एक तृतीयांशानं वाढतं आणि ताठपणा जवळपास 2.4 पट होतो. कारण ताठपणात उंचीचा घन येतो. (वासा उभ्या कडेवरच हवा. आडवा टाकलात तर सगळंच मुसळ केरात!)

‘सपाट म्हणजे लेव्हल’ हे मात्र साफ चूक. मीटरला 25 मिमी उतार धरा, म्हणजे वासे थोडे झुकले तरी काही उरतो. वाशांवर निमुळत्या पट्ट्या ठोकून हा उतार देतात. नाहीतर झोळात पाणी साचतं, त्या वजनानं झोळ वाढतो, की आणखी पाणी.