पॉश, पायपोस आणि काकांचा फॉरवर्ड

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक फॉरवर्ड टाकला. 'इंग्रजांनी लपवलेलं सत्य', खाली जहाजाचा फोटो आणि सात-आठ हात जोडलेले. म्हणे 'पॉश' हा शब्दच नाही, ती पोर्ट आउट, स्टारबोर्ड होमची अक्षरं आहेत, लंडनहून मुंबईला येताना श्रीमंत गोऱ्यांना डावीकडची सावलीतली केबिन, जाताना उजवीकडची, आणि तिकिटावर तसा सोनेरी शिक्का. पुढे, हा शब्द त्यांनी आपल्या 'पोशाख'वरून चोरला. आणि शेवटी हसणारी तोंडं टाकून, 'म्हणूनच ऑफिसातला पॉश कायदा (कामाच्या जागच्या लैंगिक छळाविरुद्धचा) फक्त पॉश बायकांसाठी'.

एरवी मी अंगठा दाखवून पुढे गेले असते. पण हेच दुसऱ्या दिवशी ऐरोलीला माझ्या बहिणीच्या ऑफिसात पोचलं, आणि हाऊसकीपिंगच्या एका ताईंनी तिला विचारलं, "मॅडम, तो कायदा मोठ्या बायकांचा ना? आमचं काय त्यात?" संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत उभ्याउभ्या तिने मला हे सांगितलं तेव्हापासून डोकं तापलंय.

आधी जहाज. पी अँड ओ ही इंग्रजी जहाज कंपनी खरी, तिची मुंबईची जहाजं खरी, आणि लाल समुद्रातलं ऊन तर खरंच खरं. येताना डावी बाजू दुपारच्या उन्हातून वाचायची, हेही मान्य करते बाई. पण तो शिक्का मारलेलं तिकीट आजवर एकही सापडलेलं नाही. एकही नाही! ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत झोकदार या अर्थाचा 'पॉश' १९१४ पासून नोंदलाय, आणि ही केबिनची गोष्ट छापून येते कधी, तर १९३५ च्या सुमारास, तीही लंडनच्या एका साप्ताहिकातल्या पत्रात, आणि त्यात तो शब्द मुंबईच्या जहाजांचा नाही, अमेरिकन जहाजवाल्यांचा म्हटलाय. म्हणजे बाळ आधी आणि बारसं वीस वर्षांनी, तेही दुसऱ्याच्या घरी.

त्याच्या आधीही हा शब्द होताच, फक्त अर्थ वेगळे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरट्यांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे अर्धी पेनी, चिल्लर, मग एकूणच पैसा. हा बहुतेक रोमानी, म्हणजे युरोपातल्या रोमा लोकांच्या भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ 'अर्धा', आणि रोमानीचं मूळ भारतात आहे, तेव्हा काकांना अभिमानच हवा असेल तर तो इथे घ्यावा. १८९० च्या आसपासच्या एका स्लँगच्या कोशात 'पॉश' म्हणजे नटवा, छानछोकी माणूस. यातल्या कुठल्या 'पॉश'वरून आजचा आला हे डिक्शनरीवालेही छातीठोक सांगत नाहीत. पण शिक्क्याची गोष्ट पुराव्याशिवाय आहे, एवढं ते स्पष्ट सांगतात.

पोशाखाचं बघू. अहो, शब्द एकतर आद्याक्षरांचा असेल नाहीतर चोरीचा, एकाच फॉरवर्डमध्ये दोन्ही कसं? आणि पोशाख मुळात फारसी. पांघरणं-घालणं या अर्थाच्या त्याच धातूचे पलंगपोस, पायपोस. उर्दूतल्या 'सफेदपोश'शी (पांढरे कपडे घातलेला) इंग्रजी शब्दाचा संबंध काही जणांनी सुचवलाय खरा, पण सिद्ध कुणी केलेला नाही. नुसता आवाज जुळला की नातं लावायचं तर मग चप्पलही पॉशच. इथे खरंच कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

आता कायदा, ज्यासाठी हे सगळं लिहितेय. त्यातला पॉश म्हणजे कामाच्या जागी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली झालेल्या कायद्याच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांचं सोयीचं संक्षिप्त रूप. पाम बीच रोडवरच्या फ्लॅटच्या जाहिरातीतल्या 'पॉश'शी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि हा कायदा आला कुणामुळे? राजस्थानातल्या भंवरीदेवी, गावपातळीवर काम करणाऱ्या, १९९२ साली बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, १९९७ ला कामाच्या जागच्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखा निकाल आला, आणि त्या निकालावर हा कायदा उभा आहे. यात पॉश कोण दिसतंय काकांना?

कायद्यात कायम, टेम्पररी, रोजंदारीवरची, कॉन्ट्रॅक्टरकडून आलेली, सगळ्या येतात. घरकाम करणारीसुद्धा येते, नेरुळच्या बंगल्यातली काय नि कोपरखैरण्याच्या खोलीतली काय. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार ऐकायला कमिटी पाहिजे, कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या लोकल कमिटीकडे जायचं, घटनेपासून तीन महिन्यांत, आणि लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे कमिटीचं काम आहे. तेव्हा हो ताई, तुमचंच आहे त्यात.

काकांना हे सगळं ग्रुपवर टाकलं तर म्हणाले, "अगं जोक होता."

कमिटीची माहिती ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावायची, हेही कायद्यातच आहे. बहिणीने काल मुद्दाम शोधली. आहे लावलेली, इंग्रजीत, कॉन्फरन्स रूमच्या बाहेर. पॅन्ट्री दोन मजले खाली आहे.