मंडळीची चिंता एकट्या पाळकाने का वाहावी?

गेल्या मंगळवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांबरोबर बदलापूरला गेले होते. पावसात रिक्षा मिळेना, म्हणून स्टेशनपासून चालतच निघालो. ज्या आजींना भेटायचं होतं त्या चार महिने उपासनेला आल्या नव्हत्या. त्यांची जागा माझ्या पुढच्याच बाकावर, तरी मला ते जाणवलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

लोकलमध्ये पाळकसाहेबांनी वही काढली. साधी शाळकरी वही, प्रत्येक पानावर एक कुटुंब. "गुडघ्याचं ऑपरेशन." "मुलाची नोकरी गेली." "भावाभावांत बोलणं नाही." "फोन उचलत नाहीत, पुन्हा जाणे." मी विचारलं, रात्री झोप लागते का तुम्हाला? म्हणाले, "पहाटे तीनला जाग येते, ताई. एकेक चेहरा समोर येतो. मग उठून प्रार्थनाच करतो."

बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 11 व्या अध्यायात प्रेषित पौल आपली दुःखं मोजतो. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा फुटलेलं तारू, भूक, थंडी. आणि हे सगळं सांगून झाल्यावर म्हणतो, याशिवाय सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समुदायांची, चिंता रोज आहेच. लहानपणापासून हे वाचत आलेय, पण त्याचं वजन त्या वहीमुळे कळलं.

एके काळी ही चिंता आपोआप वाटली जायची. नगर-जालन्याकडून आलेली आपली माणसं भायखळा, परळच्या चाळींत दाटीवाटीने राहायची. कोणी आजारी पडलं की संध्याकाळपर्यंत शेजारची बाई पेज घेऊन हजर. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, चाळी पडल्या, माणसं विरार, अंबरनाथ, पनवेलपर्यंत पांगली. चर्च जागच्या जागी राहिलं. रविवारी मेगाब्लॉक असला की म्हाताऱ्या माणसाने यायचं तरी कसं?

आणि आपण? वार्षिक सभेत रंगाच्या कोटेशनवर दोन तास वाद घालतो आणि शेवटी कोणीतरी उठून म्हणतं, "पाळकसाहेब घरभेटी देत नाहीत." मीही एकदा मान डोलावली होती. दीडशे घरं, एक माणूस, त्यात अंत्यविधी, लग्नं, कमिटीचे हेवेदावे. त्याच्या घरी कोण जातं? त्याच्या बायकोला कोणी विचारतं का, तुम्ही कशा आहात?

मला वाटतं, वहीतली पानं आपण वाटून घ्यायला हवीत. एकेकाने पाच घरं घ्यावीत. जाऊन उपदेश करायचा नाही. बसायचं, चहा घ्यायचा, ऐकायचं, एक स्तोत्र वाचायचं. मी डोंबिवली ते बदलापूरची पाच घरं मागून घेतली आहेत. कल्याणची बाकीची घरं अजून कोणी घेतलेली नाहीत.

आजींना जिना उतरायला सोबत लागते, एवढंच कारण होतं. येत्या रविवारी सकाळी सातला मी त्यांच्या दारात असेन.