पगारापलीकडचे सुख आणि ते भोगण्याची रीत

नोकरीचे पत्र हाती पडताच पेढे आणायला धावू नये. आधी त्याला जोडलेला तक्ता उघडावा आणि तळाच्या ओळीतला वार्षिक आकडा नातेवाइकांना कळवावा, कारण तो कळवण्यासाठीच असतो. महिनाअखेरीस खात्यात पडणाऱ्या रकमेशी त्याचे नाते आत्याच्या चुलत जावेइतके लांबचे असते. या आकड्याला ‘सीटीसी’ म्हणतात, म्हणजे तुम्ही कंपनीला केवढ्याला पडता तो भाव. मंडईतून भेंडी आणणारा माणूस रिक्षाचे भाडेही भेंडीच्या किमतीत धरतो, तसेच हे आहे. फरक एवढाच की, ते भाडे आपल्यालाच मिळाले असे येथे भेंडीने मानायचे असते.

मग एकेक सवलत कृतज्ञतेने वाचत जावी. भविष्य निर्वाह निधीत बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या, 12 टक्के तुम्ही भरता आणि 12 टक्के कंपनी भरते. कंपनीचा वाटा कायद्यानेच सक्तीचा केला आहे, हे मनात आणू नये. आणि तोही तुमच्याच सीटीसीत मोजलेला आहे, हे तर मुळीच बोलून दाखवू नये. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची रीत जुनीच आहे. येथे हलवाई तुम्ही आहात, एवढेच लक्षात असू द्यावे.

ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, ओळ मात्र सावकाश वाचण्याजोगी आहे. वर्षाच्या सेवेमागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून, या हिशेबाने बेसिकच्या 4.81 टक्के रक्कम तुमच्या नावापुढे पहिल्या दिवसापासून मांडलेली असते. ती हाती पडण्यासाठी 1972 च्या कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली होती. माझ्या पहिल्या नोकरीत ही रक्कम तीन वर्षे दहा महिने माझ्या सीटीसीत सुखाने नांदली. राजीनामा दिल्यावर मी भीत भीत चौकशी केली, तेव्हा एचआरमधल्या बाई अत्यंत मायेने म्हणाल्या, “सर, ते तुमच्या सीटीसीत होतं, पण तुमचं नव्हतं.” एवढ्या थोडक्यात मायावाद मला आजवर कोणी समजावून सांगितलेला नाही.

प्राप्तिकराच्या सवलतींकडेही पाठ फिरवू नये. जुन्या करप्रणालीत मुलांच्या शिक्षणभत्त्यावर वर्षानुवर्षे दरमहा, दर मुलामागे 100 रुपयांची सूट मिळत आली, तीही दोनच मुलांपुरती. पुण्यातल्या शाळेच्या शुल्काशी तिची तुलना करणे हा कद्रूपणा झाला. मोज्यांचा एक जोड येतो, तो अभिमानाने घालावा. प्रवासभत्त्याची सूट चार वर्षांत दोन सहलींना मिळते, पण ती फक्त देशातल्या प्रवासाच्या भाड्यापुरती. राहण्याजेवण्याचा खर्च त्यात बसत नाही. म्हणजे सरकारची इच्छा अशी दिसते की, माणसाने प्रवास करावा, परंतु कोठे पोहोचू नये. नवी करप्रणाली निवडली असेल, तर एवढ्यावरही पाणी सोडावे आणि घरी बसावे.

कार्यालयात टेबल टेनिसचे टेबल असेल. त्याला हात लावू नये. ते मुलाखतीला आलेल्या उमेदवारांना दाखवण्यासाठी असते.

राहिली दिवाळीची भेट. ती स्वीकारताना छायाचित्र काढले जाते, तेव्हा डबा दोन्ही हातांनी, जड असल्यासारखा धरावा. घरी आल्यावर तो एकट्याने उघडावा. वरचे झाकण चुंबकाने खटकन बंद होणारे, आत सोनेरी साटीनचे कापड, कापडात प्लास्टिकची तबकडी आणि तबकडीत चार खळगे: बदाम, काजू, मनुका आणि चौथ्यात कंपनीच्या अध्यक्षांचे शुभेच्छापत्र. खळग्यांचा तळ इतका उचललेला असतो की, बदामांच्या एका थरातच ते काठोकाठ भरतात. बदाम त्याच रात्री संपतात, त्याबद्दल तक्रार नाही.

डबा मात्र टाकू नये, कारण तो खरोखरच टिकाऊ असतो. आमच्याकडच्या एका डब्यात आई सुया-बटणे ठेवते. दुसऱ्यात नियुक्तिपत्र तीन घड्या घालून बरोबर मावते. माझे पहिले अजून त्यातच आहे, 4.81 टक्क्यांसकट.